फळ्यावर नसलेली सालं

यंदा २८ फेब्रुवारीला मोडनिंबातल्या एका शाळेनं विज्ञान दिन केला. रस्त्याकडच्या भिंतीवर मोठा फळा आहे, त्यावर पोरांनी रंगीत खडूनं सालं मांडली होती. १८२५, इंग्लंडात स्टॉक्टन-डार्लिंग्टनची वाफेची रेल्वे. १८५३, बोरीबंदर ते ठाणे. १९०३, राइट बंधूंचं विमान. १९२८, रामन परिणाम. १९६९, माणूस चंद्रावर. १९७५, आर्यभट्ट. अक्षर देखणं. कडेला आगगाडी काढलेली, तिच्या धुराचा लोट पार फळ्याच्या चौकटीवर गेलेला.

माझ्याबरोबर आपल्या अभ्यासवर्गातली दोघं होती. एकानं विचारलं, "काका, ह्यात आपलं काय हाय?" दुसरा डिप्लोमाला आहे, मशिनचं शिकतो. तो चिडला. म्हणाला, "इंजनाला जात नसती. दरएक गोष्टीत आपलं-त्यांचं घुसडू नका." तिथंच जुंपली. चहाच्या टपरीपर्यंत भांडत आले. मी मधे पडलो नाही, कारण त्या वेळी धड उत्तर सुचलं नव्हतं. आता लिहितोय ते त्या दोघांसाठी, आणि त्यांच्यासारख्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधीच सांगतो, मला तो फळा पुसायचा नाही. आपल्या वाटेवरच्या माणसानं यंत्राशी वैर धरायचं काही कारण नाही. बाबासाहेबांनी यंत्राला शिव्या घातल्या नाहीत. यंत्रामुळं माणसाला उसंत मिळते आणि उसंत असल्याशिवाय माणूस जनावरापेक्षा वर येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोष यंत्रात नाही, यंत्र ज्या समाजाच्या हाती आहे त्या समाजाच्या रचनेत आहे. तेव्हा डिप्लोमावाल्या दोस्ताला मी निम्मा मार्क आधीच देऊन टाकतो.

पण साल ठरतं कसं, ते बघा. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून गाडी सुटली, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. तीन इंजिनं होती, त्यांची नावंसुद्धा पाठ करून घेतात : साहिब, सिंध, सुलतान. इंजिनांना नावं आहेत. ठेकेदारांना नावं आहेत, फॅव्हिएल आणि फाउलर. भराव घालणाऱ्या हातांना नाव नाही. ज्या दिवशी साहेब पहिल्यांदा गादीवर बसला तो दिवस इतिहासात गेला. ज्या दिवशी पहिली पाटी उचलली तो कुणी टिपून ठेवला नाही.

बोरघाटाचं तसंच. शाळेच्या पुस्तकात बोरघाट म्हणजे बोगदे, पूल आणि १८६३ साल. १८५६ ला काम सुरू झालं, आणि एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं त्या डोंगरावर राबत होती. पटकी, हिवताप, सुरुंग, कड्यावरून पडणं, असल्या कारणांनी हजारोंनी मेली. काही अभ्यासकांचा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. ह्या मेलेल्यांत महार किती, मांग किती, कुणबी किती, वडार किती, असला हिशेब मी मांडत बसत नाही. मात्र एक साल तुम्ही वहीत लिहून घ्या. जानेवारी १८५९. थकलेल्या मजुरीवरून घाटातल्या मजुरांनी दंगा केला, गोऱ्या मुकादमांना चोप दिला. सरकारला चौकशी करावी लागली आणि फॅव्हिएल साहेबाला ते काम सोडून जावं लागलं. हिंदुस्थानात रेल्वे येऊन तेव्हा सहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. आपल्याकडं कामगार चळवळीचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सांगायची रीत आहे. मला वाटतं, तो खंडाळ्याच्या कड्यापासून सांगायला पाहिजे.

घाट पुरा व्हायच्या आधीच पुण्याकडून लाईन सोलापूरकडं सरकत होती, आणि १८६० साली ती सोलापूरला पोचली. आपली कुर्डुवाडी तेव्हा बारशी रोड म्हणून ओळखली जायची. रोड, कारण बारशी तिथून वीसबावीस मैल आत. बारशीची पेठ मोठी, कापूस आणि धान्य. तो सगळा माल बैलगाड्यांनी बारशी रोडला यायचा. पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथं एव्हरार्ड कॅलथ्रॉप आला. हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला लागला. त्याच्या डोक्यात खूळ होतं की गरीब मुलखात मोठी लाईन परवडत नाही, छोटी टाकावी. सरकारदरबारी खेटे घालण्यात त्याची वर्षं गेली. १८९५ साली लंडनला बारशी लाईट रेल्वे कंपनी निघाली, आणि १८९७ साली बारशी रोड ते बारशी गाडी धावली. रुळांतलं अंतर अडीच फूट. मोठ्या लाईनीचं साडेपाच फूट.

अडीच फुटी लाईन जगात दुसरीकडंही होती. कॅलथ्रॉपची करामत निराळी. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनानं नाही, एका आसावर किती वजन पडतं त्यानं मोडतो. म्हणून त्यानं नेम केला : कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. इंजिन असो, प्रवाशाचा डबा असो नाहीतर भरलेली वाघीण असो. लीड्सच्या किटसन कारखान्यातून पहिली इंजिनं आली, त्यांना आठ जोडचाकं. म्हणजे चार आसांवर वीस टन, आणि उरलेलं नऊ-साडेनऊ टन मागच्या दोन आसांवर. ह्या वाटपामुळं वाराला तीस पौंडांचा हलका रूळ पुरला. मोठ्या लाईनीचा रूळ त्याच्या दुपटीहून जड असायचा. हिंदुस्थानात रवाना करायच्या आधी त्यानं लीड्सजवळ न्यूले गावी चाचणीची लाईन टाकून जाणत्या लोकांना हे सगळं चालवून दाखवलं. पुढं छोट्या लाईनी टाकणारे ह्या बारशी लाईटचा दाखला देत राहिले.

दोस्तहो, मोडनिंब सोडून मी जग पाहिलेलं नाही, पण हा नेम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. भार सगळ्या आसांवर सारखा पडला तर हलक्या रुळावरूनसुद्धा जड माल जातो. लोखंडाबाबत एवढं शहाणपण १८९७ साली आपल्या तालुक्यात अंमलात होतं! आणि त्याच तालुक्यात गावकीचा सगळा भार एकाच आसावर. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन जायचं, साहेबाचा घोडा धरायचा, सरकारी टपाल डोक्यावर न्यायचं, मर्तिकाची लाकडं फोडायची. अठ्ठेचाळीस मैलांवरून निरोप आणला तर शिळा तुकडा. ह्याला वतन म्हणत होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं आणि तिथपासून १९५८ च्या कायद्यापर्यंत तीस वर्षं गेली. रुळाचा नेम ठरायला एक इंजिनिअर आणि दहा वर्षं पुरली.

कॅलथ्रॉपबद्दल आणखी थोडं, कारण माणूस मला आवडतो. त्याचा मित्र रोल्स, तोच मोटारीवाला, १९१० साली विमान कोसळून मेला. तेव्हापासून कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागं लागला. गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट त्यानं तयार केलं. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वरिष्ठांनी आपल्या वैमानिकांना पॅराशूट द्यायची टाळाटाळ केली, ती जवळजवळ युद्ध संपेपर्यंत. आभाळातून पडणारा माणूस त्याच्या नजरेला दिसला. भरावावरून पडणारा दिसला का, असं मी मनातल्या मनात त्याला विचारत असतो. मार्च १९२७ मध्ये तो वारला.

आता मोडनिंब. बारशी लाईट १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली आणि वाटेत आपलं गाव लागलं. फळ्यावर हे साल नव्हतं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. स्टॉक्टन आहे, मोडनिंब नाही. माझा आजा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा असेल. तो ह्या लाईनीच्या मातीकामावर होता. भरावासाठी शेजारची माती खणायची, पाटी भरायची, वर टाकायची. लाईनीच्या कडेनं अजून लांबोळके खड्डे दिसतात, पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं, त्यातले काही आजाच्या गँगनं खणलेले. आजा म्हणायचा, "बलुतं मागाया गेलं की सुपातलं पडायचं, ते बी वरून. हितं हातात आणे पडायचे. आणा हातात ठिवताना मुकादमाचा हात लागायचा." हे सांगताना तो स्वतःचा तळहात उघडून बघायचा. मी लहान होतो, मला वाटायचं म्हातारा पैसे मोजतोय.

मात्र रेल्वेनं मजुरी दिली म्हणून गावानं त्याला सोडलं नाही. येसकरकीची पाळी आली की लाईनीवरचा खाडा करून गावकीला हजर. गेला नाही तर घरच्या बायकांनी पाळी निभावायची. एका दिवसात दोन जमाने. सकाळी रोखीचा मजूर, सांजच्याला भाकर मागणारा महार. जे म्हणतात रेल्वेनं जात मोडली, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि जे म्हणतात रेल्वे नुसती इंग्रजाच्या लुटीची नळी, त्यांनी आजाचा तळहात लक्षात ठेवावा. दोन्ही खरं आहे आणि मला एकासाठी दुसरं टाकून देता येत नाही.

गाडीत बसण्याचंही असंच. तिकिटावर जात छापलेली नव्हती. खिडकीतला बाबू पैसे घेऊन कुणालाही तेवढंच तिकीट देत होता. पण स्टेशनावर पाणी हिंदूंचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, आणि आपल्याला कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं. डब्यात बाकाच्या कोपऱ्याला, नाहीतर खाली. आजी कुर्डुवाडीला जाताना गाठोडं मांडीवर घ्यायची, बाकावर ठेवायची नाही. शेजारच्याच्या गाठोड्याला लागलं तर बोलणी नकोत.

१९०१ सालची मसूरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण विज्ञानाच्या इतिहासात ती कुठं बसते असा विचार केलाय का? बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे. थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं बरोबर. साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडं निघाले. वडील तिथं दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. अंगावर नवे कपडे, खिशात तिकीट, गाडीनं व्यवस्थित मसूरला आणून सोडलं. उतरल्यावर स्टेशनमास्तरानं विचारपूस केली आणि पोरं महाराची म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाला कडेनं पायी चालणार, असा सौदा ठरला. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

बघा, वाफेचं इंजिन पोरांना घेऊन आलं, लाकडी चाकाची गाडी न्यायला तयार नाही. यंत्र जिथं संपलं तिथं गाव सुरू झालं. अठ्ठावीस वर्षांनी चाळीसगावला पुन्हा तेच. २३ ऑक्टोबर १९२९. आता ते बॅरिस्टर आहेत, सरकारच्या कमिटीचे सभासद आहेत, अस्पृश्यांच्या तक्रारींचीच चौकशी करायला फिरताहेत. स्टेशनावरचे टांगेवाले महाराला बसवायला नाही म्हणाले. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण टांगेवाला हाकायला तयार नाही, म्हणून वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वाहतुकीच्या इतिहासातला हा अपघात आहे का नाही? अपघाताचं कारण लिहायच्या रकान्यात काय लिहायचं? डिप्लोमावाल्या दोस्ता, तू सांग. चाक, आस, लगाम, रस्ता, ह्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं.

एकच वर्ष घेऊन बसलं तरी पुष्कळ सापडतं. १९२७ घ्या. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी. त्याच मार्चमध्ये कॅलथ्रॉप गेला, आणि त्याच वर्षी त्याची बारशी लाईट पंढरपूरहून मिरजेला पोचली. लातूरकडचं टोक १९११ लाच झालं होतं, म्हणजे लातूर ते मिरज दोनशे मैल सलग लाईन त्या वर्षी पुरी झाली. दोनशे मैलांचं लोखंड एकीकडं आणि तळ्याच्या काठापासून पाण्यापर्यंतच्या चार पायऱ्या एकीकडं. अंतर कुठलं जास्त होतं?

माझा बाप गँगमन. पहार, फावडं, बीटर, खांद्यावर लाल-हिरवी निशाणं. स्लीपरखाली खडी ठासायची, फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, उन्हाळ्यात रूळ फुगला की पळत सुटायचं. अख्खी गँग आपलीच. म्हारवाड्यातली, मांगवाड्यातली, एखाददुसरा धनगर. पोर्टर मात्र दुसऱ्या जातीचे. पोरवयात मी बापाला विचारलं होतं, हमालाला तर फावडंसुद्धा मारावं लागत नाही, तुम्ही हमाल का नाही झालात? तो हसला. "हमालाला मास्तराच्या घरला पाणी भरावं लागतंय." एवढंच.

त्याचा अर्थ मला पुढं मनमाडचं भाषण वाचल्यावर लागला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी तिथली. ती सगळे सांगतात. पण त्याच भाषणात त्यांनी नोकरीतली बारीक गोष्ट उघडी करून दाखवली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टर स्टेशनमास्तराच्या घरी वरकाम करतो आणि मास्तर सवर्ण. म्हणजे रेल्वेसारख्या नव्या धंद्यात जात कुठून शिरली? मास्तरीणबाईच्या माठातून! माझ्या अडाणी बापानं एका वाक्यात सांगितलेलं तेच. परिषदेला तो नव्हता, पण गँगमध्ये ह्या गोष्टी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानाला लागत आल्या होत्या.

१९५४ साली सरकारनं बारशी लाईट विकत घेतली, मध्य रेल्वेत गेली. कंपनीची नोकरी सरकारची झाली. पगार वेळेवर, पास, दवाखाना. बापानं त्या वर्षी आईला लुगडं आणलं. गँग तीच राहिली. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा अनुसूचित जातींना मिळाल्या, पण कागदावरची ती टक्केवारी गँगच्या टोळीतून उठून तिकीटखिडकीच्या आत जायला आमच्या भावकीत १९७८ उजाडलं. पहिला पोरगा तिकीट कलेक्टर झाला, तेव्हा बाप काळा कोट बघायला कुर्डुवाडीला गेला आणि त्याच्याकडं मुद्दाम तिकीट दाखवून आला. पास खिशात असताना तिकीट काढलं होतं.

व्हाइसरॉयच्या कौन्सिलावरून आठवलं. मजूरमंत्री म्हणून पाणी आणि वीज ही खातीही त्यांच्याकडं होती. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळात आकाराला आली, आणि १९४५ साली पाण्याचं मध्यवर्ती कमिशन उभं राहिलं, आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ. ही गोष्ट शाळेतल्या विज्ञान दिनाला कुणी सांगत नाही. बाबासाहेबांना १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर वाटून दिलेत, इंजिनिअरिंगच्या फळ्यावर त्यांना जागा नाही. उजनीचं पाणी पिऊन मोठे झालेल्यांनी तरी हे साल विचारावं.

आता पंढरपूर. लाईन पंढरपूरला नेण्यात कंपनीचा डोळा वारकऱ्यांच्या पैशावर होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आषाढी-कार्तिकीला माणसं कोंबून गाड्या जायच्या. डब्यात सगळ्या जातींची माणसं छातीला छाती लावून उभी. तीच माणसं पंढरपूरच्या स्टेशनावर उतरली की चंद्रभागेपर्यंत जाताजाता आपापल्या जातीत परत जायची. आपली माणसं महाद्वाराशी थांबायची. १९०६ ला लाईन आली, विठ्ठलाचं दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ ला उघडलं. स्टेशनापासून देवळापर्यंतचा हा प्रवास एकेचाळीस वर्षांचा. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला त्या देवाची गरज नाही. मलाही नाही. दार बंद ठेवणारा आणि दाराकडं पाठ फिरवणारा ह्यांत फरक असतो, एवढंच मी म्हणतो.

आणि त्या महाद्वाराशी जो आहे, चोखोबा, त्याच्याकडं तुम्ही एकदा संत म्हणून न बघता मजूर म्हणून बघा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम होतं, वेठीला धरून नेलेले मजूर होते, कूस कोसळलं आणि खाली माणसं गाडली गेली. परंपरेनं साल सांगतात १३३८. हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं आणि नामदेवांनी चोखोबांची हाडं ओळखून आणली, ही कथा घरोघर आहे. कथा काही असो, माझं लक्ष बाकीच्या हाडांकडं जातं. त्या दिवशी चोखोबा एकटा नव्हता मेला. आपल्या जिल्ह्यातल्या बांधकामावर मेलेल्या मजुरांत ज्याचं नाव उरलं असा सगळ्यात जुना माणूस मला तोच दिसतो. आणि ते नाव उरलं त्याच्या अभंगांमुळं, त्यानं उचललेल्या दगडांमुळं नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो. बाप पुढं मोठ्या लाईनीवरच्या गँगमध्ये गेला. गाडीच्या संडासाला खाली नुसतं भोक. वरचा बसायचा, खाली रुळावर पडायचं, आणि त्या रुळावर खडी ठासायला माणूस वाकलेला. गाडी येताना गँग बाजूला व्हायची तरी शिंतोडे उडायचे. बाप घरी आला की आधी बाहेरच्या दगडावर अंघोळ, मग उंबरा. त्याला आम्ही पोरं हसायचो. स्टेशनातले रूळ धुणारे तर कुठल्या जातीचे, ते लिहायला नकोच.

विज्ञानाच्या इतिहासात ह्या भोकाचा इतिहास कुणीतरी लिहिला पाहिजे. खाली टाकी बसवून जिवाणूंकडून मैला जिरवायचे संडास लष्करी संशोधन खात्यानं थंड मुलखातल्या जवानांसाठी काढले. ते रेल्वेच्या डब्यांना २०११ पासून बसू लागले आणि २०१९-२० पर्यंत जवळजवळ सगळ्या डब्यांना बसले. मधे २०१३ चा मैला-सफाईच्या बंदीचा कायदा झाला, त्याआधी १९९३ चा एक होऊन गेला होता. ह्याच काळात माणसानं अणू फोडला, चंद्रावर पाऊल ठेवलं, मंगळाला यान पाठवलं. टाकी बसवणं त्यापेक्षा अवघड होतं का? भोकाच्या वर बसणारा आणि भोकाखाली वाकणारा एकाच घरातले असते, तर ती टाकी साहिब, सिंध आणि सुलतानच्या मागच्या डब्यांनाच लागली असती. हे माझं मत. चुकीचं असेल तर तसं लिहून कळवा.

चंद्राचं निघालंच आहे तर, २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर गेला आणि १९७२ ला बावड्यात आपल्या लोकांवर गावानं बहिष्कार टाकला. बावडा इंदापूर तालुक्यात, मोडनिंबहून काही फार लांब नाही. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली. त्याच वर्षी दुष्काळ, आणि खडी फोडायच्या कामावर आमच्या घरातली पाच माणसं. आजा असता तर म्हणाला असता, पाटी तीच हाय.

छोटी लाईन आता नाही. ह्या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर मोठी झाली, मग लातूरकडची, मग मिरजेपर्यंतची. जुने तीस पौंडी रूळ लिलावात गेले. आमच्या वस्तीत एका झाडाला त्यातला हातभर तुकडा टांगलाय, सभेच्या वेळी दगडानं वाजवतात. वाजतो बरा.

आता कामाचं. मोडनिंबच्या पुढं आष्टी. तिथला तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात बांधायला काढला, उपाशी माणसांच्या हातानं. त्या काळात रिचर्ड टेम्पल साहेबानं दिवसभराच्या कष्टाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असं ठरवलं होतं. १८७७ साली मुंबई इलाख्यातल्या हजारो उपाशी मजुरांनी असल्या मजुरीवर काम टाकून दिलं. उपाशी माणसानं संप केला, बोरघाटानंतर अठरा वर्षांनी. तलाव आजही आहे. आसपासच्या वस्त्यांत म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या आज्या-पणज्यांनी ऐकवलेलं अजून कुणाच्या तरी ध्यानात असेल. गँगमध्ये राबलेलेही चारदोन उरलेत, पण दरसाल एखादा जातो. त्यांच्याकडून नावं लिहून घ्यायची आहेत. मजूर, मुकादम, कुठल्या वस्तीतला, कुठल्या कामावर, एवढंच. गोष्टी सांगितल्या तर त्याही. जमलेली नावं पुढच्या २८ फेब्रुवारीच्या आत त्या शाळेच्या मास्तरांना नेऊन द्यायची, आणि फळ्यावर खाली जागा मागायची. जागा दिली नाही तर आपली भिंत आहेच.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मोडनिंबच्या एस.टी. स्टँडवर जमायचं. डिप्लोमावाल्यानं तलावाच्या बांधाचं माप घ्यायला टेप आणायचं कबूल केलंय. वही-पेन ज्याचं त्यानं आणावं, भाकरी जादा बांधून आणाव्या.